गिटार पिकअपची बारीक तार: विदर्भातल्या गावात बसून निवडायची कशी, मागवायची कुठून

पिकअप म्हणजे गिटारच्या तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी, चुंबकाभोवती भरलेली कॉइल. तो घरी भरायचा म्हटलं की चुंबक, बॉबिन (तार गुंडाळायचा साचा), कव्हर हे सगळं कुरिअरने घरपोच येतं. गाडी अडते ती तारेपाशी. लागणारी तार साधारण डोक्याच्या केसाएवढी असते आणि तालुक्याच्या बाजारात तिचं गिऱ्हाईक जवळपास नसतंच. त्यात भर म्हणजे इंटरनेटवरची बहुतेक माहिती अमेरिकन मापात आहे आणि आपला दुकानदार ब्रिटिश मापात बोलतो. नव्या माणसाची पहिली खरेदी वाया जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

इथे दिलेली माहिती स्ट्रॅट आणि टेली (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर आणि टेलिकास्टर गिटारींचे), एका कॉइलचा पी-९० आणि दोन कॉइलचा हंबकर या पिकअपसाठी आहे. बेंजोला पोलादी तारा असल्या आणि पिकअप चुंबकाचा असला, तर त्यालाही हीच तार चालते.

आधी जमवून ठेवा

- डिजिटल मल्टिमीटर. २०० ओहम आणि २० किलोओहम या दोन्ही रेंज हव्यात. साधा, स्वस्त चालेल.
- तापमान बदलता येणारी सोल्डरिंग इस्त्री, निदान ४०० अंशांपर्यंत जाणारी.
- घड्याळजी डोळ्याला लावतो ते दहापट भिंग.
- १००० नंबरचा पॉलिश पेपर, कागदी टेप, मीटरपट्टी, दोन खिळे आणि एक सरळ फळी.
- खोलीचं तापमान दाखवणारा थर्मामीटर. हा कशाला, ते पायरी ६ मध्ये.
- ०.०१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा. विकत घ्यायची गरज नाही, सोनाराकडे असतो.
- कागदपत्रं: देशात खरेदी करताना काही लागत नाही, पक्कं बिल मात्र मागून घ्या. परदेशातून मागवणार असाल तर कुरिअरवाले आधार किंवा पासपोर्टसारखं ओळखपत्र मागतात.

१. आधी पिकअप ठरवा, मग तार

उलट क्रमाने जाऊ नका. "चांगली तार" अशी वेगळी चीज नसते, त्या पिकअपला बसणारी तार असते. जुन्या, ओळखीच्या रचना अशा:

- स्ट्रॅट: ०.०६३ मिमी तार, साधारण ७,६०० ते ८,००० वेढे. रोध ६ किलोओहमच्या आसपास.
- टेलीचा ब्रिजकडचा (खाली तारा टेकतात त्या बाजूचा): तीच तार, वेढे जास्त.
- टेलीचा नेककडचा (दांड्याकडचा): बॉबिन लहान, म्हणून ०.०५६ मिमी तार.
- पी-९०: ०.०६३ मिमी, साधारण १०,००० वेढे, रोध ८ किलोओहमच्या आसपास.
- हंबकर: ०.०६३ मिमी, दोन कॉइल, प्रत्येकी साधारण ५,००० वेढे. दोन्ही जोडल्यावर साडेसात ते साडेआठ किलोओहम.

म्हणजे ०.०६३ मिमी या एकाच मापात जवळपास सगळं भागतं. पहिलं रीळ याच मापाचं घ्या. टेलीच्या नेकची हौस नंतर करा.

किती घ्यायची? स्ट्रॅटच्या एका पिकअपला साधारण १,१५० मीटर तार लागते. इनॅमल (तांब्यावरचा वीजरोधक थर) धरून वजन ३५ ग्रॅमच्या घरात. पी-९० किंवा पूर्ण हंबकरला साधारण १,४५० ते १,५०० मीटर, म्हणजे ४५ ते ५० ग्रॅम. सुरुवातीला तार तुटणार, दोन-चार कॉइल कापून फेकाव्या लागणार. ते सगळं धरून २५० ग्रॅमचं रीळ पुरतं: त्यात स्ट्रॅटचे तीन पिकअप होऊन चुकांनाही जागा राहते. स्वस्त पडतं म्हणून पहिल्याच खेपेला दोन किलो घेऊ नका. एक किलोत तीस किलोमीटरहून जास्त तार असते. इनॅमल आवडलं नाही तर ती संपवायची कशात?

२. दुकानात नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा

अमेरिकन माहितीत सगळीकडे "४२ गेज" लिहिलेलं असतं. ते एडब्ल्यूजी माप, ०.०६३५ मिमी. आपल्याकडे वायंडिंग वायरचे नंबर एसडब्ल्यूजीचे, म्हणजे ब्रिटिश मापाचे आहेत. नागपूरच्या, अकोल्याच्या किंवा मुंबईच्या दुकानात "भाऊ, ४२ नंबर द्या" म्हटलं की तो प्रामाणिकपणे ०.१०१६ मिमीची तार देतो. त्याची काहीच चूक नसते. पण ती तार दीडपटीहून जाड आणि छेदाने अडीचपट असते.

अशी तार स्ट्रॅटच्या बॉबिनवर ८,००० वेढे भरायला घेतली तर काय होतं, हिशोब करून पाहा. बॉबिनची भरायची उंची ११ मिमी धरा. इनॅमलसकट तार ०.११७ मिमी, म्हणजे एका थरात जेमतेम ९४ वेढे, एकूण ८५ थर. कॉइलची जाडी नऊ मिमीच्या पुढे जाते. योग्य तारेने हेच काम साडेतीन ते चार मिमीत होतं. कव्हर बसायचा प्रश्नच उरत नाही, त्याच्या बऱ्याच आधी बॉबिनच्या कडेबाहेर तार सांडायला लागते.

ही यादी वहीत उतरवून घ्या:

- अमेरिकन ४२ = ०.०६३५ मिमी
- अमेरिकन ४३ = ०.०५६ मिमी
- अमेरिकन ४४ = ०.०५० मिमी
- ब्रिटिश ४२ = ०.१०१६ मिमी
- ब्रिटिश ४५ = ०.०७११ मिमी
- ब्रिटिश ४६ = ०.०६१ मिमी
- ब्रिटिश ४७ = ०.०५०८ मिमी

आपल्या बाजारातला अमेरिकन ४२ चा सगळ्यात जवळचा भाऊ म्हणजे ब्रिटिश ४६. फरक पाहायचा तर ४६ नंबरने तेच ८,००० वेढे भरल्यावर रोध ६.३ ऐवजी ६.८ किलोओहमच्या आसपास येतो. वेढे तेवढेच आणि चुंबक तोच, त्यामुळे सिग्नलची ताकद जवळपास तीच राहते. हा फरक वाचवायला परदेशातून रीळ मागवणं म्हणजे निव्वळ हौस. कारखान्यांत ही तार मेट्रिक मापात, ०.०६० किंवा ०.०६३ मिमी अशीही बनते. दोन्ही चालतात.

४५ नंबर चालेल का, असं बरेच जण विचारतात. चालवता येतो, पण कॉइल फुगते. वेढे हजारभर कमी करावे लागतात आणि आवाज थोडा पातळ, चकचकीत होतो. ४६ मिळतच नसेल तेव्हाचा पर्याय समजा. ४७ मात्र नवशिक्याने घेऊ नये, तुटते फार.

मागणी लिहून द्या, तोंडी सांगू नका. चिठ्ठीत किंवा व्हॉट्सअॅपवर इतकंच लिहा: "इनॅमल्ड तांब्याची वायंडिंग वायर, उघड्या तांब्याचा व्यास ०.०६० ते ०.०६३ मिमी (४६ एसडब्ल्यूजी), सोल्डरेबल पॉलियुरेथेन, सिंगल कोट, २५० ग्रॅम निव्वळ वजन." यातला "उघड्या तांब्याचा" हा शब्द महत्त्वाचा आहे. काही विक्रेते इनॅमलसकटचा व्यास सांगतात आणि मग ०.०६३ म्हणून प्रत्यक्षात ०.०५५ ची तार घरी येते.

३. इनॅमल कोणतं

गिटारवाल्यांच्या जगात या विषयावर पोथ्या लिहिल्या गेल्या आहेत. कामापुरतं इतकं पुरे.

पॉलियुरेथेन: लाल, हिरव्या किंवा तांब्याच्याच रंगात येतं. ३८० ते ४०० अंशांची इस्त्री आणि कथलाचा थेंब लावला की इनॅमल जळून टोक आपोआप कथलाळतं, म्हणजे त्यावर कथलाचा थर बसतो. खरवडावं लागत नाही. नव्या माणसाने हेच घ्यावं. मात्र जळताना निघणारा धूर छातीला वाईट, त्यात आयसोसायनेट असतात. खिडकी उघडी ठेवा, धुरावर नाक धरू नका.

प्लेन इनॅमल: गडद तपकिरी, जांभळट झाक असलेलं. गिब्सनचे १९५० च्या दशकातले हंबकर यात भरलेले होते. आपल्याकडच्या दुकानात मिळत नाही, पिकअपचं सामान विकणाऱ्यांकडूनच घ्यावं लागतं.

फॉर्मवार: सोनेरी, थर जाड. फेंडरच्या १९५० च्या दशकातल्या स्ट्रॅटमध्ये हेच होतं. थर जाड असल्याने तेवढ्याच वेढ्यांत कॉइल मोठी होते. हे इस्त्रीने जळत नाही, खरवडावं लागतं.

पॉलिस्टर आणि त्यावरचे दुहेरी थर: मोटारवाल्यांकडची तार बहुतेक याच जातीची. उष्णतेला फार टणक, म्हणून मोटारीला उत्तम आणि आपल्याला गैरसोयीची. साध्या इस्त्रीने जळत नाही आणि ०.०६ मिमीची तार खरवडताना इनॅमलआधी तांबंच तुटतं.

तांबं सगळ्यांत सारखंच. आवाजातला फरक पडतो तो थराच्या जाडीमुळे. जाड थराने वेढे एकमेकांपासून दूर बसतात, कॉइलची धारिता (वेढ्यांमध्ये विजेचा भार साठण्याची क्षमता) आणि आकार बदलतो. हा फरक खरा आहे, पण वेढ्यांची संख्या आणि चुंबक यांच्यामुळे पडणाऱ्या फरकापुढे लहान आहे. पहिल्या पाच पिकअपपर्यंत याचा विचारही करू नका.

४. गावात काय मिळेल

पहिली फेरी मोटार रिवायंडिंगच्या दुकानात मारा, पण तार मिळेल या आशेने नको. विहिरीवरच्या पंपाच्या मोटारीला लागते ती तार आपल्या हिशोबाने दोरखंड आहे. छताच्या पंख्याला ३५-३६ नंबर लागतो, म्हणजे ०.२ मिमीच्या आसपास. दुकानातली सगळ्यात बारीक तार बहुधा स्टार्टरच्या नोव्होल्ट कॉइलसाठी (वीज गेली की मोटार बंद करणारी कॉइल) ठेवलेली असते, तीही पिकअपला जाडच. "एवढी बारीक कायले लागते भाऊ?" हा प्रश्न ठरलेला आहे.

तरी या माणसाशी ओळख करून घ्या. त्याचा माल नागपूर, अमरावती किंवा अकोल्याच्या ठोक व्यापाऱ्याकडून नेमाने येतो. त्याच्या पुढच्या ऑर्डरमध्ये तुमचं पाव किलोचं रीळ घुसवलं की वेगळं भाडं लागत नाही आणि ठोकवाला त्याला नाही म्हणत नाही. तुम्ही अनोळखी नंबरवरून फोन करून पाव किलो मागितलं तर बहुतेक वेळा "कमीत कमी पाच किलो" हे उत्तर मिळतं.

भंगारातून तार काढायचा मोह आवरा. जुने रिले, घड्याळाच्या कॉइल, मोबाइल येण्याआधीचे अॅडॉप्टर यांत बारीक तार असते हे खरं. पण एकसलग ११०० मीटर त्यात मिळणं कठीण. वार्निश लावून भाजलेली कॉइल उलगडताना इनॅमल सोलतं आणि माप काय आहे तेही कळत नाही. सोल्डरिंगचा हात बसवायला मात्र भंगारातला रिले उत्तम. टोकं कथलाळण्याचा सराव नव्या रिळावर करण्यापेक्षा त्याच्यावर करा.

५. बाहेरून मागवताना

तीन वाटा आहेत.

पहिली, ठोक व्यापारी. नागपूरला गेलात तर सीताबर्डीची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं पाहा, पण खरा उपयोग वायंडिंग वायरच्या ठोक दुकानाचा. मुंबईत विजेच्या सामानासाठी लोहार चाळ आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी लॅमिंग्टन रोड. दुकानदाराला "गिटार" सांगून उपयोग नाही, "रिले-कॉइलची, मीटर-कॉइलची तार" असं सांगा, त्याला लगेच कळतं. पार्सल एसटीने किंवा ट्रॅव्हल्सने येऊ शकतं. रीळ डब्यात, चारी बाजूंनी कागद कोंबून पाठवायला सांगा. रिळाची कड एकदा दबली की तार प्रत्येक फेऱ्याला तिथेच अडकून तुटते, आणि हे नुकसान बाहेरून दिसत नाही.

दुसरी, पिकअपचं सामान विकणारे देशी ऑनलाइन विक्रेते. किलोमागे महाग, पण माप आणि इनॅमल दोन्ही लिहिलेलं असतं आणि थोडी तार मिळते. पहिल्या रिळासाठी ही वाट वाईट नाही. विकत घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: मिलिमीटरमध्ये व्यास, इनॅमलची जात, निव्वळ वजन. तिन्हींपैकी एकाचंही उत्तर "४२ गेज आहे सर, सगळे घेतात" असं आलं तर पुढचं दुकान बघा.

तिसरी, परदेशातून. प्लेन इनॅमल किंवा फॉर्मवारच पाहिजे असेल तरच. तांब्याच्या वायंडिंग वायरचा सीमाशुल्क वर्ग ८५४४११ आहे. बिलावर वस्तूचं नाव स्पष्ट लिहायला सांगा. सीमाशुल्क, त्यावर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) आणि वर कुरिअर कंपनीचं हाताळणी शुल्क असं तिहेरी ओझं पडतं. लहान पार्सलमध्ये हे शुल्कच तारेच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतं, म्हणून मागवायचं तर दोघा-तिघांनी मिळून मागवा.

भावाबद्दल: वायंडिंग वायरचा दर तांब्याच्या दरावर रोज हलतो आणि त्यावर घडणावळ लागते. तार जितकी बारीक तितकी घडणावळ जास्त. ३६ नंबरच्या भावात ४६ नंबर कुणी देत असेल तर संशय घ्या. देशी खरेदीवर १८ टक्के जीएसटी असतो, दर त्यासकट की त्याशिवाय हे आधी विचारा. आणि वजन निव्वळ हवं. रिकाम्या रिळाचं वजन बहुधा कडेच्या चकतीवर किंवा चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. पाव किलोच्या खरेदीत प्लास्टिकच तांब्याच्या भावाने घेतलं तर फार मोठा फटका बसतो.

६. रीळ हातात आलं की तपासा

ही पायरी कुणी टाळू नये. अर्ध्या तासाचं काम आहे, पण माल परत करायचा असेल तर हाच पुरावा.

दहा मीटरची चाचणी. फळीवर दोन खिळे बरोबर एक मीटर अंतरावर ठोका. तार एका खिळ्याला अडकवून दोन्ही खिळ्यांभोवती पाच पूर्ण फेऱ्या घ्या, झाले दहा मीटर. तार ताणू नका, नुसती सरळ ठेवा. दोन्ही टोकं कथलाळा आणि मल्टिमीटरच्या २०० ओहम रेंजवर मोजा. मीटरच्या वायरी एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करा. २० अंश सेल्सियसला हे आकडे यायला हवेत:

- ०.०७११ मिमी (ब्रिटिश ४५): ४३ ओहम
- ०.०६३५ मिमी (अमेरिकन ४२): ५४ ओहम
- ०.०६१ मिमी (ब्रिटिश ४६): ५९ ओहम
- ०.०५६ मिमी (अमेरिकन ४३): ७० ओहम
- ०.०५०८ मिमी (ब्रिटिश ४७): ८५ ओहम
- ०.१०१६ मिमी (ब्रिटिश ४२): २१ ओहम

पाच-सहा टक्के इकडेतिकडे झालं तर माल ठीक समजा.

आता विदर्भाची खास अडचण. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. यादी २० अंशांची आहे आणि मे महिन्यात आपल्या खोलीत ४० अंश असतात. म्हणजे आकडा आठ टक्क्यांनी फुगतो: अमेरिकन ४२ ची ५४ ओहमची तार ५८-५९ दाखवते आणि ब्रिटिश ४६ असल्याचा भास होतो. मोजलेला आकडा ४० अंशांना १.०८ ने भागा, ३० अंशांना १.०४ ने. जानेवारीच्या पहाटे १२ अंशांना तो उलट तीन टक्के कमी दिसतो. दुकानदाराशी भांडण्याआधी थर्मामीटर पाहा.

वजन. तीच दहा मीटर तार गुंडाळून सोनाराच्या काट्यावर टाका. ०.०६३५ मिमीचं नुसतं तांबं ०.२८ ग्रॅम भरतं, इनॅमल धरून ०.३० ते ०.३१. ब्रिटिश ४२ असेल तर ०.७ च्या पुढे जाईल. वजन बरंच कमी आणि रोध दीडपटीहून जास्त आला तर तार तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची असू शकते. टोक हलकं खरवडून भिंगाखाली पाहा, आत पांढरी चकाकी दिसली की संशय संपला. अशी तार परत करा. पिकअप तिचाही वाजतो, पण रोध आणि वेढ्यांचे सगळे हिशोब चुकतात आणि सोल्डरला ती त्रास देते.

ताण. तीस सेंटीमीटर तुकडा दोन बोटांत धरून हळू ओढा. चांगली तार निदान तीन सेंटीमीटर लांबते, मग तुटते. जराही न लांबता टचकन तुटली तर तार कडक आहे, भरताना सतत तुटणार.

इनॅमल. तार शिवणाच्या बारीक सुईभोवती दहा-बारा वेढे गुंडाळा आणि भिंगाखाली पाहा. तडे किंवा सोललेली जागा दिसता कामा नये. हिरवट ठिपके दिसले तर तार ओलीत पडून राहिलेली आहे, घेऊ नका.

सोल्डर. ३९० अंशांच्या इस्त्रीला दोन-तीन सेकंदांत टोक चकचकीत कथलाळलं की पॉलियुरेथेन. काळं पडून कथिल गोळ्यासारखं घरंगळलं तर दुसरं इनॅमल आलं आहे. लायटरच्या ज्योतीने इनॅमल जाळू नका, इतकी बारीक तार ज्योतीत ठिसूळ होते किंवा वितळूनच जाते.

रिळाची कड. बोटाला न जाणवणारा खरखरीतपणा कापसाला जाणवतो. सरकीतून मोकळा केलेला थोडा कापूस वरच्या कडेवरून गोल फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे १००० नंबरचा पेपर मारून पुसून घ्या. बॉबिनच्या कडांनाही हेच करा. घरात कापूस नसेल असं आपल्याकडे घर सापडणं कठीण.

७. रीळ लावणे आणि ताण

नवखा माणूस रीळ खिळ्यावर अडकवतो आणि दोऱ्याच्या रिळासारखं फिरू देतो. ०.०६ मिमीची तार पाव किलोचं रीळ फिरवू शकत नाही, पहिल्याच झटक्याला तुटते. रीळ जमिनीवर उभं ठेवा, ते फिरता कामा नये. तार वरच्या कडेवरून सरळ वर घ्या आणि अर्धा-पाऊण मीटर उंचीवरच्या गुळगुळीत कडीतून खाली बॉबिनकडे आणा.

ताणासाठी स्क्रूने आवळलेल्या नमद्याच्या (दाबून केलेल्या जाड लोकरी कापडाच्या) दोन तुकड्यांतून तार घ्या. ही तार साधारण ७० ते ८० ग्रॅमला तुटते आणि भरायची २० ते ३० ग्रॅमवर. मापायची सोपी युक्ती: प्लास्टिकच्या पिशवीत २५ ग्रॅम तूरडाळ मोजून घ्या आणि नमद्यातून आलेल्या टोकाला लटकवा. पिशवी हळूहळू खाली सरकली पाहिजे. धाडकन आली तर स्क्रू आवळा, जागची हललीच नाही तर सैल करा. ताण जास्त झाला तर तार तुटली नाही तरी लांबते, आणि एक टक्का लांबली की रोध दोन टक्के वाढतो. ताण कमी असेल तर कॉइल ढिली होते आणि मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी घालतो.

कूलर आणि पंखा बंद ठेवा. कूलरच्या झोतात ही तार दिसेनाशी होऊन हेलकावे खाते, रिळावर सुटून खालच्या कडेत अडकते. उन्हाळ्यात काम करायचं तर पहाटे करा. जिनिंग जवळ असेल तर हंगामात हवेत तरंगणारे तंतू नमद्यात जमतात आणि ताण बदलत जातो, दर पिकअपला नमदा झटका.

स्ट्रॅटच्या बॉबिनवर तार थेट चुंबकाच्या कांड्यांना लागते. तिथे इनॅमल खरचटलं की वेढे एकमेकांत शॉर्ट होतात. कांड्यांवर लाखेचा हात द्या किंवा पातळ टेपचा एक वेढा घ्या, मगच सुरुवात करा.

तार मधेच तुटली तर सगळं कापायची गरज नाही. दोन्ही टोकं पिळा, कथलाळा, जास्तीचं कापा, नखाएवढी पातळ टेप खाली-वर लावा आणि पुढे चला. एका कॉइलमध्ये असा एखादा सांधा चालतो. चार-पाच झाले तर कारण शोधा. बहुतेक वेळा रिळाची किंवा बॉबिनची कड दोषी असते, तार नाही.

८. भरल्यावरचे आकडे

वेढे मोजणारा काउंटर लावलेला असेल तरच रोधाच्या आकड्याला अर्थ आहे. "किलोओहम जास्त म्हणजे पिकअप जोरदार" ही समजूत सोडा. बारीक तारेने कमी वेढ्यांतही रोध जास्त येतो, जोर मात्र वेढ्यांतून आणि चुंबकातून येतो. स्ट्रॅटच्या ८,००० वेढ्यांना २० अंशांवर हे अपेक्षित धरा: अमेरिकन ४२ ने ६.३ किलोओहमच्या आसपास, ब्रिटिश ४६ ने ६.८. उन्हाळ्यात ४५ अंशांना पहिला आकडा ६.९ दिसेल. तो पिकअपचा दोष नाही.

रोध अपेक्षेपेक्षा बराच कमी आला आणि काउंटर बरोबर असेल, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर आधी सुरुवातीचं टोक तपासा. ते आयलेटजवळ (बॉबिनवर तारेचं टोक जोडायची धातूची कडी) तुटलेलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

९. उरलेली तार ठेवताना

टोक कडेच्या चकतीवर कागदी टेपने चिकटवा. साधी चिकटपट्टी वापरली तर मे महिन्यात तिचा डिंक वितळून तारेवर उतरतो आणि पुढच्या वेळी वरचे थर एकमेकांना चिकटलेले सापडतात. रीळ झिपच्या पिशवीत घालून उभं ठेवा, एकावर एक रचू नका. पावसाळ्यात पिशवीत ओल शोषणारी पुडी टाका. उंदरांपासून जपायचं तर पत्र्याचा डबा बरा.

रिळावर चिठ्ठी लावा: मिलिमीटर, इनॅमलची जात, दहा मीटरचा रोध आणि त्या वेळचं तापमान, विक्रेता, तारीख. वर्षाने दुसरं रीळ मागवताना बिल आणि ही चिठ्ठी एकत्र फोटो काढून पाठवली की बाकी काही समजावून सांगावं लागत नाही.